मंगळवारी दहा वाजता ऐकणारे

"दहा फोन," केल्विन म्हणाला. "येत्या मंगळवारी दहा ते अकराच्या मधे दहा माणसांनी फोन करून सांगायला हवं की आम्ही हा कार्यक्रम ऐकतो. नाहीतर तो तास ट्रेव्हरच्या गुलाबांना."

वॉलूरा गावच्या हौशी रेडिओ केंद्राचा केल्विन अध्यक्ष होता आणि मनानं वाईट नव्हता. पण ट्रेव्हरला गुलाबांवर बोलायला तास हवा होता, आणि ब्रॉनीच्या कार्यक्रमाला दीड वर्षात एकही फोन आला नव्हता. एकदा आला होता, पण त्या माणसाला पशुवैद्य हवा होता.

ब्रॉनी आपल्या तासात, कुणी नाव न ऐकलेल्या गाणाऱ्यांची गाणी लावायची. होबार्टमधल्या गॅरेजमध्ये गाणी रेकॉर्ड करणारी तिघं, ज्यांच्या प्रत्येक गाण्यात मागं फ्रीजची घरघर ऐकू येते. डार्विनची एक शाळामास्तरीण, जी फक्त पावसाळी सुट्टीत गाणी लिहिते. हे अमक्यासारखं आहे, ते तमक्यासारखं आहे, असं ब्रॉनी कधीच सांगत नसे. ती म्हणायची, "हे कपडे वाळत घालताना ऐका. चिमटे संपत आले की दुसरं कडवं येईल." किंवा, "हे बटाटे सोलताना नको, बोट कापून घ्याल. नुसतं बसून ऐका."

आठवड्यातला तेवढाच एक तास तिच्या खांद्यावर दूध ओकलेलं फडकं नसे. आठ महिन्यांच्या ऑगीला सासूबाईंकडे सोपवून ती निघायची, आणि जेट्टीच्या रस्त्यानं चालताना तिला आपले दोन्ही हात रिकामे आहेत याची इतकी गंमत वाटायची, की ती ते उगाच हलवत जायची.

रात्रीच्या जेवणाला तिनं घरात बातमी सांगितली. नवरा लॅकी आणि सासूबाई मॅरील, दोघांचेही काटे हवेत थांबले.

"दहाच ना," लॅकी म्हणाला. "मी आमच्या फुटबॉलच्या पोरांना..."

"अजिबात नाही. ऐकणारे असतील तर आपणहून करतील. नसतील तर गुलाब बरे. आई, तुम्हीपण नाही. तुमच्या महिला मंडळात एक शब्द काढायचा नाही."

"मी कशाला काढतेय," मॅरील म्हणाल्या आणि ऑगीच्या तोंडात भोपळ्याचा घास भरला, जणू तोच काही बोलणार होता.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत लॅकीनं धान्याच्या कोठारावरून संघाच्या कप्तानाला फोन केला. त्याच वेळी मॅरीलबाई ऑगीला बाबागाडीत घालून मंडळाच्या स्वयंपाकघरात पोचल्या, जिथं शनिवारी विकायच्या स्कोन्सचं, म्हणजे छोट्या गोल पावांचं, पीठ मळणं चाललं होतं. दोघांनी एकमेकांना काही सांगितलं नाही. आणि कार्यक्रम दोघांनीही कधी ऐकला नव्हता. लॅकी त्या वेळी यंत्राच्या आवाजात असे, आणि ऑगी जागा असताना मॅरीलबाईंना स्वतःचासुद्धा आवाज ऐकू येत नसे. त्यामुळे फोनवर काय बोलायचं, ते दोघांनीही ब्रॉनीनं फ्रीजवर चिकटवलेल्या गाण्यांच्या यादीवरून उतरवून घेतलं. यादीत पहिलं नाव होतं 'वेट लेटरबॉक्स' या चौघांच्या बँडचं.

सोमवारी ब्रॉनीनं यादी बदलली. शेवटचा कार्यक्रम असेल तर त्यात तिला स्वतःला सगळ्यात आवडणारी, हळू आवाजाची माणसं हवी होती. नवी यादी तिनं पिशवीत टाकली. जुनी फ्रीजवरच राहिली.

मंगळवारी पहिला फोन दहाला तीन मिनिटं कमी असताना आला.

"ब्रॉनी, आजचा कार्यक्रम फार छान झाला," एक म्हातारा, गोड आवाज म्हणाला.

"अजून सुरू व्हायचाय."

"हो का? तरीपण."

ब्रॉनीनं हसून फोन ठेवला, कागदावर एक रेघ ओढली आणि माईक चालू केला. त्या डार्विनच्या बाईंचं गाणं लावलं, एक गिटार आणि एक आवाज, बाकी काही नाही. गाणं अर्ध्यावर येईपर्यंत स्टुडिओतले दोन्ही फोन वाजू लागले होते.

"मी ग्वेनिथ बोलतेय, पोरी. काय सुंदर गाणं. तो ड्रम वाजवणारा मुलगा तर भलताच गुणी."

"ग्वेनिथ, यात ड्रम नाहीये."

"म्हणूनच म्हटलं, किती हळू वाजवतो."

दुसऱ्या फोनवर कप्तान होता. "ब्रॉनी, मला ते आवडलं, ते आपलं... थांब, हातावर लिहिलंय. वेट... वेट... पुढचं घामानं पुसलं गं."

तोवर ब्रॉनीच्या छातीत जे काही फुलायला लागलं होतं, ते खाली बसलं. पण फोन काही बसेनात. संघाचे राखीव खेळाडू आले. मंडळाच्या खजिनदारबाई आल्या. कुणीतरी दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीतून फोन केला, आणि त्याचं म्हणणं काय ते कळलं नाही, पण सूर कौतुकाचा होता. एक जण म्हणाला, "मी आणि माझा भाऊ रोज ऐकतो."

"आठवड्यातून एकदाच असतो."

"आम्ही तो एकच रोज ऐकतो."

साडेदहापर्यंत कागदावर सव्वीस रेघा झाल्या होत्या. ब्रॉनी त्या रेघांकडे बघत बसली. तास तिचा झाला होता. कागद केल्विनच्या हातात ठेवायचा, बस. होबार्टच्या तिघांची ती फ्रीजची घरघर लावून ती ऐकत राहिली, आणि ते गाणं तिला पहिल्यांदाच नीट ऐकू येईना. पुढचे पाच फोन तिनं रेघा ओढत नुसतं "हं, थँक्यू" म्हणून घेतले. मग तिनं माईक ओढला.

"मंडळी," ती म्हणाली, "आज जे फोन आले ते माझ्या घरच्यांनी करवले. प्रेमानंच, पण करवले. मी केल्विनला तसं सांगणार आहे, म्हणजे पुढच्या मंगळवारी इथं गुलाब असतील. तोवर एक शेवटचं गाणं. हे कुठलंही काम करताना ऐकू नका. माझ्यासाठी एवढं करा."

आणि डोळे पुसून तिनं गाणं सुरू केलं.

दार उघडून केल्विन आत आला. त्याच्या टोपीवर पांढरं पीस होतं आणि हातात हातभर केबल.

"केल्विन, मला तुला काहीतरी..."

"आधी मी," तो म्हणाला. "कोरेला काकाकुवे. चाळीसेक पाखरं बसलीत मनोऱ्यावर. केबल सोलून खाल्लीय मेल्यांनी, उसासारखी. पावणेदहापासून आपण बंद आहोत. मी गाडीत बसून तासभर नुसती खरखर ऐकली."

ब्रॉनीनं कानावरचे हेडफोन हळूच काढले. त्यांच्यात टेबलावरच्या यंत्रातला आवाज येत असे. तो पुढं गावात पोचतो की नाही, हे त्यांना कळायची सोय नव्हती.

"म्हणजे मी जे आत्ता बोलले..."

"काय बोललीस?"

तिनं सांगितलं. केल्विननं टेबलावरचा कागद उचलला आणि चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"एकतीस," तो म्हणाला. "एकतीस जणांना आवडला. नऊ वर्षांत कुठल्याच कार्यक्रमाला इतके आले नाहीत." त्यानं कागद परत टेबलावर ठेवला. "ब्रॉनी, मला वाईट वाटतं. पण एकतीस वजा एकतीस किती होतात ते तूच सांग."

तेव्हा ऑफिसातला फोन वाजला. केल्विन उठून गेला आणि जाताना दार उघडंच राहिलं.

"काय चाललंय काय तुमचं?" पलीकडचा माणूस इतका मोठ्यानं बोलत होता की ब्रॉनीला बसल्या जागी ऐकू येत होतं. "दहा वाजल्यापासून माझा रेडिओ नुसता फसफसतोय. दोनदा बॅटरी बदलली. ती मुलगी कुठंय?"

"कोण मुलगी?" केल्विननं विचारलं.

"कोण काय विचारता, मंगळवारची. गेल्या खेपेला तिनं एकीचं लावलं होतं, नदीकाठची कुणीतरी, आणि नाव सांगताना माझं कुत्रं भुंकलं. आज परत सांगेल म्हणून मी ग्राइंडर बंद करून बसलोय."

"तुम्ही नेहमी ऐकता?"

"मी शेडमध्ये नांगर दुरुस्त करतो. तिनं सांगितलेली नावं भिंतीवर खडूनं लिहितो. एक भिंत भरली. चार जणांच्या सीडी मागवल्यात टपालानं. दोघांनी उलट पत्रं पाठवली, की तुम्ही कोण आणि आमचं गाणं तुम्हाला कुठं सापडलं?"

"मग आजवर कधी फोन का नाही केलात?"

पलीकडचा माणूस खरोखर विचारात पडला होता.

"ती बोलत असते की," तो म्हणाला. "मधेच फोन कसा करणार?"

केल्विननं फोनवर हात ठेवला आणि दारातून ब्रॉनीकडे पाहिलं.

"मागच्या हिवाळ्यात," तो म्हणाला, "माझा गुरुवारचा बँडच्या संगीताचा कार्यक्रम तीन आठवडे गावात पोचलाच नव्हता. कुणाचाही फोन आला नाही. मला स्वतःलाच चौथ्या आठवड्यात कळलं." त्यानं टोपीवरचं पीस काढून खिशात ठेवलं. "ट्रेव्हरला मी माझा गुरुवार देतो. ये, तुझ्यासाठी आहे."

ब्रॉनीनं फोन कानाला लावला.

"हॅलो? मंगळवारची मुलगी बोलतेय. तिचं नाव आयला पेंड्रे."

"थांब, थांब. खडू आणतो. आणि हळू सांग हां, भिंतीवर आता खालीच जागा उरलीय, मला बसावं लागतं."

ती थांबली. पलीकडे कुत्रं भुंकलं, काहीतरी पत्र्याचं पडलं, आणि गुडघे मोडून बसणाऱ्या माणसाचा सुस्कारा ऐकू आला. मग तिनं एकेक अक्षर सांगितलं.

घरी पोचली तेव्हा लॅकी जेवायच्या सुट्टीत आला होता आणि ओव्हनमधून खिम्याच्या पेस्टी काढत होता. मॅरीलबाई ऑगीला मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत होत्या. दोघांनीही चेहरे अगदी साधे ठेवले होते.

"कसा झाला गं?" लॅकीनं विचारलं. "नाही, म्हणजे आम्ही ऐकलाच."

"ऐकला म्हणजे काय," मॅरीलबाई म्हणाल्या, "शब्दन् शब्द ऐकला. शेवटचं गाणं तर... इतकं शांत. मला बाई तसंच आवडतं."

ब्रॉनीनं ऑगीला उचलून खांद्यावर घेतलं. त्यानं लगेच तिच्या स्वच्छ शर्टावर भोपळा ओकला.

"हो ना, आई," ती म्हणाली. "मलापण आजवरचं तेच सगळ्यात आवडलं."