कांबळेकाकांचं मेमरी कार्ड

धायरीच्या आमच्या सोसायटीत कांबळेकाकांच्या संगणकावर एक पाटी आहे : 'खाचेतले कार्ड काढू नये. संगणक रुसतो. समजूत काढत बसायला आम्हाला वेळ नाही.'

खरं तर काकांकडे वेळच वेळ. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, एकटेच राहतात, तरी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून संगणकापुढे हजर. हा संगणक त्यांच्या लेकीचा, प्रज्ञाचा, कॉलेजातला. इतका संथ, की चालू करावा आणि दळण टाकून यावं. मग एके दिवशी काकांनी त्यात मेमरी कार्ड बसवलं आणि तो चक्क धावायला लागला. मी समोरच्याच दारात राहते, त्यामुळे हा पराक्रम पहिल्यांदा मला ऐकावा लागला.

"अहो, मीठ-मिरची तुम्ही माळ्यावर ठेवता का? ओट्यावर ठेवता ना? तसंच आहे. हार्ड डिस्क म्हणजे माळा. नेहमी लागणारं सामान ह्या कार्डावर काढून ठेवायचं. बिचाऱ्याची चढउतार वाचते!"

तेव्हापासून काकांचा एकच मंत्र, 'ओट्यावर घ्या'. मी दारात किल्ली शोधत असले तरी तोच सल्ला. चष्म्याच्या घरात कार्डं घालून ते सोसायटीभर उपचार करत हिंडतात. वरच्या मजल्यावरच्या शेखसाहेबांच्या नव्याकोऱ्या लॅपटॉपला मात्र काडीचा फरक पडला नाही. तो मुळातच वेगवान. "नव्याला आधाराची किंमत नसते," असं सुनावून काका जिना उतरले.

भंगारवाल्याच्या तावडीतून त्यांनी सोसायटीतले कितीतरी संगणक सोडवले. मला ह्या माणसाचा अभिमान आहे, तो असा तोंडावर सांगायची सोय नाही इतकंच.

प्रज्ञा नोकरीमुळे हिंजवडीलाच राहते, रविवारी येते. परवा तिचा फोन आला, "काकू, बाबांसाठी लॅपटॉप घेतलाय. माझा प्रत्येक रविवार त्या डब्याच्या दुरुस्तीत जातो. आता तो भंगारात!"

मला नवलच वाटलं. एवढा पळणारा संगणक रविवारीच का अडतो? त्याला वाचवायला हवं म्हणून रविवारी मी काकांकडे गेले. दार उघडंच होतं. काका संगणकातलं कार्ड काढून खिशात टाकत होते.

"काका, हे काय? आज तर तिला ह्याचा वेग दाखवा!"

"वेग दाखवला तर चहा पिऊन निघेल हो ती," काका हळूच म्हणाले. "अडला की शेजारी बसते. बोलते."

मागे चाहूल लागली. प्रज्ञा दारात उभी होती, हातात लॅपटॉपचा खोका. तिनं सगळं ऐकलं होतं.

तिनं खोका चपलांच्या कपाटामागे सरकवला आणि आत आली.

"बाबा, सरका बरं. आज जास्तच बिघडलेला दिसतोय. जेवायलाच थांबते."

काकांनी लगबगीनं शेजारी खुर्ची ओढली आणि माझ्याकडे वळून ताठ मानेनं म्हणाले, "इंजिनिअर आहे माझी मुलगी."