सदाशिवराव बिवलकरांचा निळा शेरा

कोणत्याही संस्थेची तपासणी होते ती संस्था सुधारावी म्हणून नव्हे, तर तपासणीच्या दिवशी ती सुधारलेली दिसावी म्हणून. हे तत्त्व ज्याला नोकरीत लवकर उमगतं तो वर चढतो. ज्याला उमगत नाही तो प्रामाणिक म्हणून निवृत्त होतो (निरोपाच्या वेळी त्याला छत्री देतात). सदाशिवराव बिवलकरांना ते पहिल्याच वर्षी उमगलं होतं. मूळचे अलिबागकडचे हे गृहस्थ केंद्र सरकारच्या एका तपासणी खात्यात निरीक्षक होते. खात्याचं नाव सांगत नाही, कारण तिथे अजून माणसं नोकरी करतात. बदली होत होत ते जयपूरला आले, बनीपार्कात भाड्याचं घर घेतलं आणि आजूबाजूच्या लहानमोठ्या सरकारी कचेऱ्या तपासू लागले.

त्यांच्या तपासणीची पद्धत आदर्श होती. कचेरीला तीन आठवडे आधी नोटीस जाई. त्या अवधीत फरशा धुतल्या जात, फायलींना नवी कव्हरं चढत, गावी शेती बघायला गेलेला कारकून परत येई आणि पाण्याच्या मटक्यावर झाकण येई. मग सदाशिवराव येत, झाकणाकडे पाहत आणि ‘समाधानकारक’ असा शेरा मारत. दुसऱ्या दिवशी झाकण हेडक्लार्कच्या घरी परत जाई. यात कोणाचीही फसवणूक होत नसे, कारण दोन्ही पक्षांना सगळं ठाऊक असे. यालाच सुरळीत कारभार म्हणतात.

तपासणीचा दुसरा महत्त्वाचा भाग म्हणजे फराळ. सांगानेरला कलाकंद, बस्सीला मालपुवा, आणि श्रावणात कुठेही गेलं तरी घेवर, तोही वर रबडी घातलेला. हा फराळ जिभेसाठी होता असा कोणी गैरसमज करून घेऊ नये. साहेबांनी घेवर नाकारला तर शेरा वाईट येणार, असा तिथे पक्का समज होता. चाकसूच्या एका हेडक्लार्कला तर साहेबांनी दुसरा तुकडा नको म्हटल्याबरोबर घाम फुटला होता. तेव्हा सदाशिवराव खात ते निव्वळ माणुसकी म्हणून. बिचाऱ्यांना उगाच घोर नको.

अशा या कर्तव्यदक्ष माणसाला एकोणीसशे एकसष्टच्या उन्हाळ्यात फार तहान लागू लागली. जयपूरचा उन्हाळा म्हणून आधी कोणी लक्ष दिलं नाही. पण सुरई रिकामी होऊनही तहान भागेना, सदरे ढगळ होऊ लागले आणि कचेरीत खुर्चीपेक्षा मोरीकडे जास्त फेऱ्या होऊ लागल्या, तेव्हा पत्नी रत्नप्रभाबाईंनी त्यांना हाताला धरून डॉक्टर माथुरांकडे नेलं. डॉक्टरांनी काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात लघवीचे थेंब टाकले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं आणि पिवळ्याचं थेट विटकरी.

“बिवलकर साहब, आपको शुगर है,” डॉक्टर म्हणाले.

अशा वेळी सामान्य रोगी ‘मी बरा होईन ना?’ असं विचारतो. सदाशिवरावांनी विचारलं, “अगली जाँच कब है?”

“हर महीने, पहले सोमवार को.”

सदाशिवरावांचा जीव भांड्यात पडला. म्हणजे रोग गंभीर असला तरी नोटीस देऊन येणारा होता.

डॉक्टरांचे हुकूम साधे होते. गोड बंद, भात बेताचा, जेवणानंतर गोळी, रोज सकाळी रामनिवास बागेत दोन मैल चालणं, आणि दर तिसऱ्या दिवशी घरच्या घरी नळी तापवून रंग बघणं. रत्नप्रभाबाईंनी ते वेदवाक्य मानलं. साखरेचा डबा फडताळात अगदी वर गेला. एकट्या नवऱ्याला बिनसाखरेचा चहा प्यायला लावणं त्यांना बरं वाटेना, म्हणून त्यांनीही स्वतःच्या चहातली साखर सोडली. त्या चहाच्या भोक्त्या होत्या हो. पहिले काही दिवस कप तोंडाला लावताना त्यांचं तोंड औषध घेतल्यासारखं होई, पण चकार शब्द नाही. कॉलेजात सायन्स शिकणारी मुलगी अलका म्हणाली, “आई, तुला काय झालंय? मतलब, तू कशाला सोडतेस?” त्यावर त्या एवढंच म्हणाल्या, “त्यांना एकटं वाटू नये म्हणून.”

सदाशिवरावांनी मात्र आजाराचा अभ्यास खात्याच्या दृष्टीने केला. महिन्याचे त्यांनी दोन भाग पाडले, ‘चालू कारभार’ आणि ‘तपासणीपूर्व काळ’. तपासणीपूर्व काळ पहिल्या सोमवारच्या आधीच्या शुक्रवारी सुरू होई. त्या दिवसापासून कारलं, मेथी, एखादा कोरडा फुलका, आणि रविवारी जवळजवळ निर्जळी एकादशी. सोमवारी नळी तापवली की औषध निळं ते निळंच. “शाबाश!” डॉक्टर म्हणत. “ऐसा मरीज़ हो तो डॉक्टर की ज़रूरत ही क्या है!” (हे वाक्य त्यांनी कौतुक म्हणून उच्चारलं होतं.)

चालू कारभारात मात्र दौरे होते, दौऱ्यांत फराळ होता आणि माणुसकी सोडता येत नव्हती. घरच्या नळीचं म्हणाल तर तिला त्यांनी हात लावला नाही. मधल्या काळात तपासणी करणं म्हणजे चालू कामात नाहक ढवळाढवळ, असं त्यांचं मत होतं. शिवाय तपासणारे तेच आणि तपासले जाणारेही तेच, तेव्हा अशी तपासणी निःपक्षपाती होणार नाही ही नैतिक अडचण होतीच. नळी, दिवा आणि निळी बाटली दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात सांगानेरी बाहुल्यांशेजारी ठेवली गेली. येणाराजाणारा बघून म्हणे, “वा! बिवलकर फार काळजी घेतात.”

आणि खरंच, त्यांचा लौकिक पसरला. जयपुरात मराठी घरं ती किती! हळदीकुंकवाला एक बातमी सांगितली की संध्याकाळपर्यंत छावणीतल्या फौजी कुटुंबांनासुद्धा कळे. बायका आपापल्या नवऱ्यांना सदाशिवरावांचा दाखला देऊ लागल्या. सलग तीन महिने निळा रंग पाहून डॉक्टर माथुरांनी गोळ्या निम्म्यावर आणल्या. कारभार चांगला दिसला की मंजूर रक्कम कापायची हे सरकारी धोरण वैद्यकातही चालतं, हे पाहून सदाशिवरावांना आपलेपणा वाटला.

गाडं अडलं ते चालण्यापाशी. गोड टाळल्याचं तीन दिवसांत दाखवता येतं, पण डॉक्टरांनी पोटऱ्या दाबून पाहायला सुरुवात केली होती. म्हणून दसऱ्याच्या सुमारास सदाशिवरावांनी महिन्याचं थकलेलं चालणं तपासणीपूर्व काळातच भरून काढायचं ठरवलं. त्यासाठी चारदीवारीतून, म्हणजे तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरातून, कोरी, कडक कातड्याची मोजडी आणली आणि शनिवार-रविवारी रामनिवास बागेला एवढ्या प्रदक्षिणा घातल्या की माळी त्यांना नवस फेडणारा समजून नमस्कार करू लागला. मोजडीने उजव्या पायाची करंगळी सोलून काढली. सोमवारी नळी निळी आली. पाय त्यांनी मोज्यातच ठेवला, कारण तो तपासणीच्या विषयांत नव्हता.

जखम भरेना. हळद लावली, आयोडिन लावलं, चिंधी बांधली. दिवाळी आली तरी करंगळी ओलीच. मग तिची कड काळपट दिसू लागली. सदाशिवराव घाबरले नव्हते असं नाही, चांगले घाबरले होते. पण डॉक्टरांना पाय दाखवला तर ते विचारणार, ‘साखर नाही तर जखम का भरत नाही?’ आणि या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नव्हतं. ज्याला उत्तर नाही तो मुद्दा पुढच्या तपासणीपर्यंत प्रलंबित ठेवायचा असतो.

इकडे रत्नप्रभाबाईंच्या लक्षात दोन गोष्टी आल्या. एक म्हणजे धुवायला पडलेल्या उजव्या मोज्याचा वास. दुसरी म्हणजे मोरीतल्या मुंग्या. त्या महिनाभर रांगेने येत आणि पहिल्या सोमवारच्या आसपास अचानक दिसेनाशा होत. नोटीस न घेता, फराळ न करता, पगार न घेता काम करणारं एवढं कडक तपासणी पथक राजस्थानात दुसरं नव्हतं. रत्नप्रभाबाईंनी दोन्ही गोष्टी मनात जुळवल्या, अलकाला हाक मारली आणि बाहुल्यांशेजारची नळी खाली काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सदाशिवराव मोरीकडे निघाले तर दारात त्या रिकामी बाटली घेऊन उभ्या.

“ही घ्या.”

“आज? अगं, आज तर मंगळवार!”

“वार मला कळतो.”

“तसं नव्हे, पण निदान तीन दिवसांची नोटीस तरी…”

“जाता आत, की मी येऊ?”

सदाशिवराव आत गेले. नियमबाह्य तपासणीविरुद्ध त्यांनी तोंडी निषेध नोंदवला, तो बंद दाराने ऐकला. अलकाने स्वयंपाकघराच्या ओट्यावर दिवा पेटवून नळी धरली. निळा रंग पळाला, हिरवा थांबलाच नाही आणि बघता बघता नळीत अशी विटकरी साय बसली की अलकाच्या तोंडून “हाय राम!” निघालं. रत्नप्रभाबाईंनी दिवा विझवला. मग त्यांनी खाली बसून नवऱ्याचा मोजा काढला.

“मी सहा महिने पांचट चहा पितेय,” त्या म्हणाल्या. “आणि तुम्ही घेवर खाताय?”

“कामाचा भाग म्हणून,” सदाशिवराव पुटपुटले. “आणि मी फसवलं ते कोणाला? डॉक्टरांनाच ना?”

“अहो, पाय काय डॉक्टरांचा जाणार आहे?”

सरकारी नोकरीच्या बावीस वर्षांत इतका बिनतोड आक्षेप त्यांच्यावर कोणी घेतला नव्हता. त्यांनी मान खाली घातली. करंगळी तिथेच होती, काळी पडत चाललेली. त्यांना रडू आलं.

डॉक्टर माथुरांनी विटकरी नळी पाहिली, करंगळी पाहिली आणि निम्म्यावर आणलेल्या गोळ्यांची आठवण होऊन कपाळावर हात मारला. त्यांनी सदाशिवरावांना तडक मोठ्या इस्पितळात भरती केलं. इन्शुलिनची इंजेक्शनं सुरू झाली. तिसऱ्या दिवशी मोठे सर्जन तपासायला येणार अशी वर्दी आली. करंगळी ठेवायची की कापायची हे तेच ठरवणार होते.

वर्दी आली म्हणजे नोटीस आली! इतकी वर्षं हाडीमासी खिळलेली सवय, ती काय जाणार? सदाशिवरावांनी पहाटेच दाढी केली, चादर ताणून घेतली, नर्सकडून पायावर पावडर मागितली (दिली नाही) आणि उशाच्या मटक्यावर झाकण घालून घेतलं. सर्जन आले. हसरा, टापटीप रोगी पाहून त्यांनी मान डोलावली. मग त्यांनी टाचणी काढून करंगळीत टोचली.

“दर्द होता है?”

सदाशिवरावांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. टाचणी थेट मस्तकात गेली. पण समोर मोठा अधिकारी उभा होता, तपासणी चालू होती आणि तक्रार नसणं हीच चांगल्या कारभाराची खूण होती.

“बिल्कुल नहीं, सर!” ते हसून म्हणाले.

सर्जनांचा चेहरा पडला. त्यांनी आणखी एकदा, जरा खोल टोचली. “अब?”

“ज़रा भी नहीं. सब ठीक है, सर.”

सर्जन सहाय्यकाकडे वळले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “संवेदना नहीं है. उँगली मर चुकी है. कल सुबह काट देंगे.”

रत्नप्रभाबाई खाटेच्या पायथ्याशी उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याच्या कपाळावरचा घाम पाहिला, चादर घट्ट धरलेल्या मुठी पाहिल्या. त्या पुढे झाल्या आणि मोठ्या साहेबांसमोर, सगळ्या वॉर्डासमोर कडाडल्या, “अहो, खरं सांगा! एकदा तरी खरं सांगा! दुखतंय ना?”

“दुखतंय!” सदाशिवराव ओरडले. “दुखतंय गं बाई! फार दुखतंय! महिनाभर दुखतंय! मला भीती वाटते!” हे सगळं मराठीत होतं, पण सर्जनांना भाषांतर लागलं नाही. त्यांनी पुन्हा हलकेच टाचणी लावली. त्यावर बिवलकरांनी फोडलेली आरोळी बाहेर टांगेवाल्यांपर्यंत गेली. सर्जन हसले. जिवंत बोट कापायची त्यांची पद्धत नव्हती.

करंगळी वाचली. तिचं नख गेलं, बाकी सगळं राहिलं. बरे झाल्यावर सदाशिवरावांची नळी रत्नप्रभाबाईंच्या मर्जीच्या वारी तापू लागली. पुढे ती बहुतेक हिरवी येई, क्वचित निळी. चाकसूला फराळाच्या बशीसमोर ते पहिल्यांदाच “नको, मला मधुमेह आहे” म्हणाले तेव्हा सगळी कचेरी हादरली (शेरा ‘समाधानकारक’च पडला). रत्नप्रभाबाईंच्या चहात एक चमचा साखर परत आली. ती सदाशिवराव स्वतः घालत.

ही हकीकत काही परिचितांना वाचून दाखवली. सगळे पोट धरून हसले, ‘काय एकेक माणसं असतात!’ म्हणाले. हसू ओसरल्यावर प्रत्येकाला विचारलं, “बरं, आपली तब्येत कशी आहे?” प्रत्येकाने तत्काळ उत्तर दिलं, “एकदम उत्तम.” आपणही आत्ता मनात तेच म्हणालात. घरातलं माणूस जवळपास असेल, तर जरा त्याच्याकडे बघून मोठ्याने म्हणून दाखवा.