रडून राहिला, झोपून राहिला

झोप माणसाला जन्मतः येत नाही, ती शिकवावी लागते. आमच्या पिढीला हे कोणी सांगितलं नाही, त्यामुळे आम्ही आयुष्यभर अशिक्षितच झोपलो. बैलगाडीत झोपलो, लग्नाच्या मांडवात झोपलो, ग्रामसभेत तर बसून झोपलो. यातल्या एकाही झोपेला शास्त्राचा आधार नव्हता. हे कळल्यापासून मला नीट झोप लागत नाही.

नातू विहंग याच्या बाबतीत ही चूक होऊ द्यायची नाही, असं घरात ठरलं. ठरवलं सूनबाई काजलनं. माझा मुलगा सुशील यानं हरकत घेतली नाही (तो झोपला होता).

कारण गंभीर होतं. काजल नागपुरात सीताबर्डीच्या एका बँकेत आहे. तिची बाळंतपणाची रजा मे महिन्यात संपत होती. मृग लागायच्या आत मला आणि माझी बायको सुभद्रा हिला कन्हान नदीपलीकडच्या शेतावर परतणं भाग होतं. म्हणजे सहा महिन्यांच्या बाळाला पाळणाघरात ठेवणं आलं. बँकेजवळ एक नामांकित पाळणाघर आहे. (तिथे पाळणा नाही. पाळणा मागासलेला समजतात.) तिथे फक्त ‘स्वयंनिद्र’ बाळांना प्रवेश मिळतो. म्हणजे ज्याला झोपवावं लागत नाही, असंच बाळ ते झोपवायला घेतात. हे योग्यच आहे. चांगल्या शाळासुद्धा आधीपासून लिहिता येणारं मूलच शिकवायला घेतात. तसं प्रमाणपत्र नाही तर प्रवेश नाही, आणि प्रवेश नाही तर काजलची नोकरी नाही, इतकी सरळ गोष्ट होती.

हे प्रमाणपत्र पुण्याच्या भैरवी मॅडम देतात. त्या निद्रा-मार्गदर्शक आहेत आणि फोनवरून झोपवतात. आमच्या भजनात भैरवी सुरू झाली की पेंगलेले लोक जागे होऊन चपला शोधायला लागतात, पण नावावर जाऊ नये. मॅडमचं स्वतःचं बाळ त्यांच्या आईजवळ झोपतं. म्हणूनच त्यांना इतरांच्या बाळांसाठी वेळ मिळतो.

मॅडमच्या आदेशानुसार पुढील साधनं तत्काळ बंद झाली: मांडी, खांदा, झोळी, थोपटणं, अंगाई आणि आजी. (आजोबांचा उल्लेख नव्हता. आजोबांनी झोप येतही नाही आणि मोडतही नाही, असं शास्त्राचं मत दिसतं.) खोलीचं जे तापमान त्यांनी सांगितलं, ते नागपुरात जानेवारीत असतं. म्हणून मेपुरता कूलर लावला. बाळाला ऐकवायला त्यांनी पावसाचा मंद आवाजही फोनवर पाठवला होता. कूलरपुढे तो कोणालाच ऐकू आला नाही.

पद्धत सोपी होती. बाळाला जागं असतानाच पलंगावर ठेवायचं, भोवती कठडा लावायचा, दार लोटायचं आणि रडू द्यायचं. फारच झालं तर दारातून, हात न लावता, सपाट आवाजात म्हणायचं, ‘बाळा, तू सुरक्षित आहेस.’ सुभद्राला हे वाक्य जमलं नाही. ती म्हणायची, “रडू नको माह्या राजा, कोनी खाऊन नाई राहिलं तुले.” शब्द नियमात बसत नव्हते. आशय बसत होता.

विहंगनं पद्धतीला सहकार्य केलं नाही. तो सुरू झाला की गल्लीतली कुत्री गप्प होत. दाराच्या आत तो रडे, दाराबाहेर काजल रडे. विहंगनं किती वेळात शांत व्हावं याची मुदत ठरलेली होती. काजलसाठी तशी काही तरतूद नव्हती.

“घे वं त्याले,” सुभद्रा एकदा म्हणाली.

“घेतो. मंग नोकरी सोडू का, आई?” काजलनं विचारलं.

सुभद्रा उठून कूलरमध्ये पाणी टाकू लागली. कूलर भरलेलाच होता.

मॅडमचा तपासणीचा फोन घरी आला, तेव्हा दुपार होती. रुजू होण्याचे कागद द्यायला काजल बँकेत गेली होती. आत विहंगचा टाहो चालू होता. कूलर पूर्ण जोरात असल्यामुळे मॅडमना तो ऐकू गेला नाही. कूलरचा आवाज त्यांना आपण पाठवलेला पाऊस वाटला.

“आजी, विहंग काय करतोय?”

“रडून राहिला,” सुभद्रानं खरं ते सांगितलं.

“रडून राहिला? अरे वा. स्वतःहून?”

“मंग काय. कोनी सांगा लागते का त्याले?”

“आणि तुम्ही आत गेला नाहीत?”

“नाई जी. मी इथं बाहेरच बसून राहिली.”

“बसून राहिलात,” मॅडमचा आवाज भरून आला. “आजी, असा संयम आमच्याकडे बघायला मिळत नाही.”

इथे थोडं व्याकरण सांगणं भाग आहे. आमच्याकडे ‘रडून राहिला’ म्हणजे रडणं आत्ता, या घटकेला चालू आहे आणि थांबायचं लक्षण नाही. मॅडमच्या मराठीत त्याचा अर्थ झाला, रडला आणि मग गुमान राहिला. दोन्ही मराठी शुद्धच आहेत. मधल्या मध्ये एक बाळ स्वयंनिद्र झालं.

फोन ठेवून सुभद्रानं आत जाऊन विहंगला मांडीवर घेतलं. थोड्या वेळानं मॅडमनी खात्री करायला पुन्हा फोन करून विचारलं, “आता?”

“आता झोपून राहिला.”

मांडीबद्दल त्यांनी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी काजलच्या फोनवर प्रमाणपत्र आलं. वर चंद्र, खाली सही, मध्ये मजकूर: ‘बाळ रडून राहिले. आजी बसून राहिल्या. बाळ झोपून राहिले. उत्कृष्ट श्रेणी.’ काजलनं ते वाचलं आणि मग परत एकदा सावकाश वाचलं.

“आई, तुमी मॅडमले काय सांगितलं?”

“जे होऊन राहिलं होतं थेच.”

“खोटं तर नाई बोलल्या तुमी,” काजल म्हणाली आणि तिनं प्रमाणपत्र पाळणाघराला पाठवून दिलं.

पुढे मॅडमनी एक आकडेवारी काढल्याचं कळलं. पुण्याकडच्या बाळांत पद्धतीचं यश निम्म्याहून कमी, विदर्भात शंभर टक्के. (कारण म्हणून उष्ण हवामान दिलं आहे.)

काजल रुजू झाली. पहिल्याच दिवशी दुपारी तिनं पाळणाघराच्या शोभाताईंना फोन केला. शोभाताई नागपूरच्याच.

“झोपून राहिला जी,” त्या म्हणाल्या.

कुठं, कोणाच्या खांद्यावर, हे काजलनं विचारलं नाही. शोभाताईंनी दबक्या आवाजात, एकेक शब्द डोलवत उत्तर दिलं होतं, जसं अंगावर लेकरू असलेली बाई देते. काजलनं फोन ठेवून डबा उघडला आणि कितीतरी दिवसांनी ती पहिल्यांदा पोटभर जेवली.

आता तुमच्याकडे वळू. तुम्ही हे बहुधा आडवं होऊन वाचत आहात, डोळ्यांवर झापड यावी म्हणून. कोणाला पुस्तक लागतं, कोणाला मोबाइल, कोणाला बाजूच्या माणसाचं घोरणं. शास्त्राच्या भाषेत हे सगळं साहाय्य आहे, आणि तुमच्या वयाला ते शोभत नाही. पुस्तक मिटा, दिवा मालवा, आणि कोणाच्याही मदतीशिवाय झोपून दाखवा. रडू आलं तर रडा. आम्ही आत येणार नाही.