गोदाक्कांच्या खुराचा ठसा

एका जंगलात, बाळांनो, वाघ म्हातारा झाला आणि कार्डाचं मशीन आलं. तेव्हापासून जनावरं मशीनलाच जास्त भ्यायला लागली. सही कुणालाच येत नव्हती, म्हणून कार्ड घासलं की पंजाचा नाहीतर खुराचा ठसा द्यायचा. ठसा जुळला की मशीन 'टुंई' करायचं. झालं, माल तुमचा!

दादासाहेब अस्वलाच्या दुकानात गल्ल्यावर सगुणा खार बसायची. नोकरी अजून कच्ची होती. आज संध्याकाळपर्यंत एकही चूक झाली नाही, तर पक्की होणार होती. घरी चार पिल्लं, आणि नवरा दिवसभर शेपूट विंचरत बसणारा. तिला ही नोकरी हवीच होती हो.

भरदुपारी लांडगा आला. केस चापूनचोपून बसवलेले, गळ्यात रुमाल. त्यानं कांदे घेतले, मटण मसाला घेतला, एक मोठं पातेलं घेतलं आणि कार्ड पुढं केलं. कार्डावर नाव होतं गोदाक्का मेंढीचं.

"अहो, ह्या तर माझ्या शेजारीण!" सगुणा म्हणाली.

"असतील. ठसा घे." लांडग्यानं पिशवीतून एक खूर काढला आणि मशीनवर टेकवला.

टुंई!

खूर ताजा होता.

भिंतीवर मुख्य कचेरीची पाटी होती. संशय आल्यास फोन करावा, गिऱ्हाइकाला कळू देऊ नये, फक्त 'हो' किंवा 'नाही' बोलावं. सगुणानं फोन लावला. पलीकडे घुबड होतं.

"कार्ड खरं आहे?"

"हो."

"ठसा जुळला?"

"हो, पण तो पाय..."

"हो की नाही?"

"हो."

"मग माझं डोकं कशाला खातेस, बये?"

तेवढ्यात गोदाक्का तीन पायांवर लंगडत दुकानात शिरल्या. "सगुणे, ह्या मेल्यानं माझा पाय तोडला गं! आधी ते कार्ड बंद कर!"

"बंद करायला ठसा लागतो," घुबड म्हणालं.

"अहो, तोच तर नेलाय त्यानं!" सगुणा ओरडली.

"मग ठसा ज्याच्याकडे आहे, त्याला फोन द्या."

लांडग्यानं फोन घेतला, अदबीनं खूर पुन्हा टेकवला. टुंई! "कार्ड चालूच राहू द्या, साहेब. आणि ही बाई माझं नाव लावून फिरतेय. हिला मी घरी नेऊन बघतो."

"सहकार्याबद्दल आभारी आहोत," घुबड म्हणालं.

गोदाक्कांनी गल्ला घट्ट धरला. "सगुणे, तू तरी सांग ना त्यांना! तुझी पोरं माझ्या लोकरीत निजतात गं!"

सगुणानं मागं पाहिलं. दादासाहेब पक्क्या नोकरीचा कागद हातात घेऊन उभे होते. तिला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माझ्या हातात काही नाही हो, अक्का," ती म्हणाली आणि बिल फाडून लांडग्याच्या हातात दिलं.

लांडगा अक्कांना घेऊन निघाला, पण दारातून परत वळला.

"बाई, पातेल्यावर झाकण मिळेल का?"

सगुणानं झाकण शोधून दिलं. अगदी मापाचं.

तात्पर्य : मुलांनो, आपला पाय नेहमी कुलूपबंद पेटीत ठेवावा. तो उघड्यावर घेऊन हिंडणाऱ्या बेजबाबदार मेंढ्यांमुळे सज्जन लांडग्यांना दुकानात ताटकळावं लागतं.