दाराआडची पेटी

लिंबाजीमामा कुणाच्याही घरी गेले की चहाच्या आधी रिकाम्या टोपल्याकडं बोट दाखवणार. "ह्यात काहीच न्हाई, मग हे एवढी जागा काहून खाऊन राहिलं?"

झालं! मामा सुतार. चार फळ्या, बिजागऱ्या, खिट्या. भरली तर पेटी, रिकामी झाली की पाटासारखी सपाट, खुशाल एकावर एक रचा. आमच्या औंढ्यात निम्म्या दुकानांत त्यांच्याच पेट्या आहेत.

माझ्या नारळाच्या दुकानातही त्यांनी मागं लागून दिल्या. भर सोमवारी, देवळापुढं रांग लागलेली, आणि सगळ्यात खालच्या पेटीनं आपण होऊन घडी घातली. नारळ सुटले की रस्त्यानं! मी कपाळावर हात मारून घेतला. मामा मात्र पेटी निरखत म्हणाले, "घडी बराबर झाली. खिटी तेवढी ढिली हाय."

मामी गेल्यापासून मामांना वेगळाच घोर लागला. लेक सुनीता पुण्याला, नवरा-लेकरं धरून एका खोलीत चौघं जण. ती रोज म्हणायची, "बाबा, एकटे राहू नका, इकडंच या." मामांना जायचं तर होतं, एकटं घर त्यांना खायला उठायचं. पण लेकीच्या खोलीत आपली अडगळ झाली तर? शेवटी एक दिवस त्यांनी तिला फोनवर विचारलं, "दाराआड जागा किती हाय गं?" तिला वाटलं, सामानासाठी विचारतात. तिनं बिचारीनं मोजून सांगितलं.

मग सुरू झाली ती पेटी. दिवसा आत कपडे, दाराआड उभी. रात्री उघडली की खाट. आमच्या भिंतीपलीकडं नुसती खटखट.

"शोभे," मामा मला हाक मारायचे, "खिटी वाजती का गं? लेकरं उठतीन." तेल घातलं. "आता?" कापूस लावला. "आता?" न्हाई वाजत म्हटलं तरी पुन्हा, "आता?" माझा जीव टांगणीला लावला ह्या माणसानं.

जायच्या आदल्या दिवशी मी म्हटलं, "बरं, झोपून तर दाखवा."

मामा झोपले. गुडघे थेट पोटाशी. माणूस एवढा उंच आणि पेटी दाराआडच्या मापाची.

"अहो, पाय?"

"पायाचं काय? दुमडतेत की. त्याला कुठं बिजागऱ्या लागतेत!" असं म्हणून हसले, आणि लगेच मान उचलून विचारलं, "अजून लई जागा खाऊन राहिलो का गं?"

मला रडूच आलं. मी सुनीताला फोन लावला तसे मामा पेटीतूनच हात हलवायला लागले. "नको, तिला सांगू नको! ती माझ्यापायी घरातलं कपाट काढून टाकंल!"

"टाकू द्या."

तिकडून सुनीतानं उचलला.

"सुनीते," मी म्हटलं, "ते माप सामानाचं नव्हतं गं बाई. तुझ्या बापाचं होतं."