बार्नीच्या पाठीवरची निळी रेघ

"उद्या सकाळी बार्नीला बघून मॉसीकाकाच्या हातातलं मशीन गळून पडेल," डर्व्हलानं न्याहारीच्या टेबलावर जाहीर केलं आणि सोडा ब्रेडवर लोण्याचा असा थर दिला, जणू काम फत्ते होऊन सत्कार चालू होता.

असम्प्टा मावशीनं चहाच्या कपावरून तिच्याकडे पाहिलं. "पडलं तर तुझ्याच पायावर पडो. त्याचं मशीन नवीन आहे."

बार्नी म्हणजे मावशीच्या तबेल्यातला पांढरा घोडा. पांढरा हे आपलं ऐकीव. थंडी पडू लागली की त्याच्या अंगावर अस्वलानं लाजावं असे केस यायचे आणि त्या केसांत निम्म्या टिपररी परगण्याचा चिखल सुखानं नांदायचा. सगळं रान दगडासारखं गोठलेलं असलं तरी हा पठ्ठ्या कुठूनतरी एवढीशी ओली जागा हुडकायचा, तिच्यात यथासांग लोळायचा आणि काहीच न घडल्यासारखा फाटकाशी येऊन उभा राहायचा. डर्व्हलाला या कलेबद्दल त्याचा मनापासून आदर होता. फक्त तो ती रोज दाखवायचा, एवढीच तक्रार.

आता इतके केस अंगावर घेऊन घोडा धावला, की घामानं चिंब होतो. घाम वाळत नाही, वरून गार वारा, की पडलाच आजारी. म्हणून हिवाळ्यात घोडे भादरतात. भादरणारा मॉसीकाका व्हॅन घेऊन तबेल्या-तबेल्यांतून फिरायचा आणि नाताळाआधी एका ठिकाणी एकदाच यायचा. त्याची अट साधी होती: घोडा स्वच्छ पाहिजे आणि कोरडा पाहिजे. केसांत धूळ दिसली, की "माझी पाती बोथट करायला बोलावलंत का?" एवढं म्हणून तो व्हॅनमध्ये बसायचा. मग बसा वाट बघत.

आणि बार्नी भादरला गेला, तरच नाताळाच्या दुसऱ्या दिवशी, सेंट स्टीफनच्या दिवशी निघणाऱ्या दौडीत डर्व्हला त्याच्यावर बसणार होती. नाही, तर यंदाही फाटकाशी उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्या घोड्यांसाठी ते उघडायचं आणि लावायचं. वर्गातल्या मुली घोड्यावरून "थँक यू हं" म्हणत जायच्या. त्या "हं"नंच तिचा जास्त जीव जायचा.

"आंघोळ घालायची नाही," निघता निघता मावशी बजावत होती. "या गारठ्यात ओला घोडा उद्यापर्यंत वाळायचा नाही. गरम पाण्यात टॉवेल घट्ट पिळ, थोडी थोडी जागा पूस, बाकीचा घोडा झुलीखाली झाकलेला राहू दे. मग तेलाचा फवारा, म्हणजे मशीन सरसर चालतं. पोटाखालचं तेवढं कापायचंय, वरच्या केसांचं पांघरूण ठेवायचं. दोन्ही बाजूंना सारखी रेघ आखून ठेव खडूनं."

"कळलं गं. मी काय लहान आहे?"

"लहान असतीस तर मी निवांत बाजारात गेले असते."

पण मानलं पाहिजे पोरीला. पहिल्या खराऱ्याला असा धुरळा उठला, की अंगणातलं कुत्रं शिंकत शिंकत शेजाऱ्याकडे राहायला गेलं. स्वयंपाकघरातून वाफाळतं पाणी आणायचं, तबेल्यात पोचेपर्यंत ते कोमट, टॉवेल पिळेपर्यंत गार! डर्व्हलाची बोटं गाजरासारखी लाल झाली, पण ती हटली नाही. मान झाली, खांदा झाला, कूस झाली. पुसलं की झाकायचं, झाकलं की पुढचं उघडायचं. बार्नी डोळे मिटून, खालचा ओठ लोंबवून, उटणं लावून घेणाऱ्या नवरदेवासारखा उभा होता. दुपारपर्यंत तबेल्यात एक अनोळखी घोडा आला होता. पांढराशुभ्र. डर्व्हला मागं सरकून बघतच राहिली. इतका देखणा प्राणी इतकी वर्षं आपल्याच चिखलात दडून बसला होता!

मग तिनं तेल फवारलं आणि खडू काढला.

पांढरा घोडा, पांढरा खडू. दिसेल कसा? शिवाय तेलावर तो टेकेना, सुळकन घसरायचा. डर्व्हलानं इकडेतिकडे पाहिलं. फळीवर शेजारच्या कॉन हार्नेटचा डबा होता, मेंढ्यांवर खूण मारायच्या निळ्या रंगाचा. तिनं विचार केला: रेघेपर्यंतचे केस उद्या जाणारच, त्यांच्याबरोबर रेघही जाईल. यात काय चूक होती, तुम्हीच सांगा.

डावी रेघ झकास आली. उजवी तिच्याहून झकास. मग ती बार्नीच्या मागं उभी राहून बघते तर काय, उजवी रेघ डावीच्या चांगली हातभर खाली! तिनं उजवीकडे थोडी वर दुसरी रेघ मारली. पुन्हा मागं जाऊन पाहिलं. आता डावी खाली. डावीकडे वर एक. आता उजवी खाली. रेघा जिना चढल्यासारख्या वर वर निघाल्या. घाबरून ती पुसायला गेली, तर तेलात रंग मिसळला आणि बार्नीच्या कुशीवर ढगाळ आभाळ पसरलं.

"पोरी," तबेल्याच्या अर्ध्या दारावर कोपरं टेकून कॉन उभा होता. "घोडा आहे का बसचा नकाशा? डब्लिनला जायला कुठे उतरायचं?"

"कॉनकाका, हे धुतलं की जातं ना?"

"जातं की. मेंढी कातरली की लगेच जातं." तो आत वाकून बघत म्हणाला. "त्याआधी पाऊस, गारा, माझी बायको, कुणाच्यानं निघालेलं नाही."

मावशी बाजारातून आली तेव्हा बार्नी कानांपर्यंत झुलीत गुंडाळलेला होता.

"वाळतोय," डर्व्हला म्हणाली. वाळणारा घोडा थंडीत उघडायचा नसतो हे मावशीनंच शिकवलेलं. तिनं शाबासकी दिली आणि रात्री सॉसेजही जास्त वाढले. डर्व्हलाला ते गिळताना बरेच कष्ट पडले.

सकाळी मॉसीकाका आला. झूल उतरली. बार्नीनं जांभई दिली.

मॉसीकाकानं घोड्याला एक फेरी मारली. केस बोटांनी फाकवून फुंकर घातली. कातडीला हात लावून पाहिला. मग टोपी काढली.

"असम्प्टा, केस पांढरे होईपर्यंत घोडे भादरले मी. धुळीचा कण नाही, ओलीचा थेंब नाही. असा तयार केलेला घोडा अजून पाहिला नव्हता." त्यानं टोपी परत चढवली. "वाईट एवढंच, की यातलं काही ठेवता येणार नाही."

"कुठल्या रेघेपर्यंत कापणार?" मावशीनं कोरड्या आवाजात विचारलं.

"सगळ्यांत वरच्या. म्हणजे ही बघ, इथून निघाली, पाठीवर चढली आणि पलीकडे उतरली."

मावशी डर्व्हलाकडे वळली. "रेघा मारताना हा कसा उभा होता?"

"पायांवर."

"मागचा एक पाय सैल सोडून?"

डर्व्हलाला आठवलं. सैल सोडून. कधी हा, कधी तो.

"पाय सैल सोडला की त्या बाजूचा पुठ्ठा खाली येतो, बाई," मॉसीकाका मशीन जोडत म्हणाला. "तू झोपलेल्या माणसाची पँट मापत होतीस."

मशीन लोण्यातून फिरावं तसं फिरलं. पायांवरचे आणि खोगिराखालचे केस सोडून सगळं उतरलं. पांढऱ्या केसांखालची करडी कातडी दिसू लागली आणि ढिगाऱ्यातून बाहेर आला तो उंदरासारख्या रंगाचा, सडपातळ, भलताच चलाख दिसणारा घोडा. मावशी त्याच्याकडे बघत राहिली, मग ढिगाऱ्याकडे, मग डर्व्हलाच्या लाल बोटांकडे.

"भादरून झालाय," ती शेवटी म्हणाली. "दौडीला जा. शब्द दिला होता मी."

सेंट स्टीफनच्या दिवशी वारा असा होता, की लोकांच्या मिश्या कडक झाल्या होत्या. दौड सुरू झाली आणि पहिल्या बांधाशीच बार्नी सगळ्यांना मागं टाकून निघाला. म्होरक्याच्या पुढं कुणी जायचं नसतं. बार्नी त्याच्या टोपीला वारा घालून गेला. चर ओलांडला, कुंपण ओलांडलं. "थँक यू हं"वाल्या मुली आ वासून बघत राहिल्या. रस्त्याकडेला गाव टाळ्या वाजवत होतं. काय घोडा, काय पोरगी! डर्व्हलानं ऐटीत मान लववली. लगाम केव्हाच हातातून सुटला होता आणि तिनं आयाळ गच्च धरली होती, पण ते लांबून कुणाला कळत नव्हतं. वळणाशी दौड डावीकडे गेली आणि बार्नी उजवीकडे. तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याला थंडी वाजत होती. तो घरी निघाला होता.

मावशी गाडी घेऊन तबेल्यात पोचली, तेव्हा दोघं एकाच झुलीखाली उभे होते.

"पहिला नंबर आला," डर्व्हला दात वाजवत म्हणाली.

"शर्यत नव्हती ती."

"असं?"

"तुम्हा दोघांना सोडून सगळ्यांना माहीत होतं," मावशी म्हणाली आणि दुसरी झूल आणायला गेली.