चार ते सव्वापाच

खोलीत अकरा मुलं, नऊ रेहल, चार चटया, एक फळा आणि अडीच खडू होते. रेहल म्हणजे ग्रंथ जमिनीला टेकू नये म्हणून त्याच्याखाली ठेवायची घडीची लाकडी बैठक. मुलं अकरा आणि रेहल नऊ, त्यामुळे दोघांना पुस्तक हातातच धरावं लागे. आणि ते दोघे कोण, यावरून रोज सरासरी तीन मिनिटं भांडण होई. भाचीने हे सगळं पहिल्याच दिवशी वहीत टिपून ठेवलं. तिने नुकतीच पदार्थविज्ञानाची पदवी घेतली होती आणि काही मोजल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

वर्ग तिचा नव्हता, तिच्या खालाचा होता. खाला म्हणजे सख्खी मावशी. एकतीस वर्षं ती या माडीवरच्या खोलीत लहान मुलांना कुरआन वाचायला शिकवत आली होती. आधी अक्षरओळखीचं चोवीस पानांचं पातळ पुस्तक, ज्याला सगळे ‘कायदा’ म्हणतात. ते संपलं की मग कुरआनातला पहिला धडा. यंदा खाला जिन्यावरून घसरली, पाय प्लास्टरमध्ये गेला आणि वर्ग भाचीच्या गळ्यात पडला.

“दोनच आठवडे सांभाळ,” खाला म्हणाली. “नवीन काही करू नकोस. पोरं शिकतात आपोआप.”

“आपोआप काही होत नसतं, खाला. प्रत्येक गोष्टीला कारण असतं.”

“असतं ना. शोध हो. मात्र डोळे उघडे ठेवून शोध.”

पहिला दिवस शनिवार. खालाची पद्धत अशी की प्रत्येक मूल आपापल्या पानावर. कुणी पान दोन, कुणी पान अठरा. सगळी एकाच वेळी मोठ्याने वाचणार, मागेपुढे डोलणार आणि खाला एकेकाला जवळ बोलावून ऐकणार. अकरा तोंडांतून अकरा धडे बाहेर पडत होते. त्यातल्या एकाला तर मुलं ‘भोंगा’च म्हणत, त्यामुळे उरलेले दहा ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. भाचीने हिशेब केला : पंचाहत्तर मिनिटं भागिले अकरा, म्हणजे दर मुलाच्या वाट्याला शिक्षक सात मिनिटंसुद्धा नाही. बाकी वेळ मूल नुसतं हवेत बोलतंय!

रविवारपासून तिने पद्धत बदलली. सगळ्यांनी पान एकपासून, एकसाथ, एका तालात म्हणायचं. तालही आयता मिळाला. खाली घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. तिथे वाचनालयाचं पुरुषभर उंचीचं लंबकाचं घड्याळ दुरुस्तीला आलं होतं, आणि त्याची टिकटिक फळ्यांच्या जमिनीतून स्वच्छ ऐकू येई. तिने मोजली. मिनिटाला साठ ठोके, एक कमी नाही, एक जास्त नाही.

“ऐका ती टिकटिक. टिकला पुढे, टॉकला मागे. चला! अलिफ जबर अ, बे जबर ब...” जबर म्हणजे अक्षराच्या डोक्यावरची ‘अ’ स्वराची खूण.

अकरा डोकी एकदम पुढे गेली, एकदम मागे आली. गोंगाटाचं गाणं झालं. समोरच्या सुताराने रंधा थांबवून वर पाहिलं. आणि पुढे तर कमालच झाली : रविवारी हजेरी अकरा, सोमवारी तेरा, मंगळवारी सोळा, बुधवारी एकोणीस. मुलं पावणेचारलाच येऊन दाराशी उभी राहू लागली. भाचीने वहीच्या डाव्या पानावर हजेरीचा तक्ता काढला आणि त्याखाली लाल शाईने लिहिलं : पद्धत यशस्वी.

गुरुवारी वर्ग सुटल्यावर ती जिना उतरली, तर दुकानाचे मालक घड्याळचाचा त्या उंच घड्याळापुढे स्टुलावर बसलेले. भिंग डोळ्याला तसंच अडकवलेलं, पण नजर कुठेच नाही. ही इमारत चाचांची. वरची खोली त्यांनी एकतीस वर्षांपूर्वी खालाला दिली होती, ‘मी आहे तोवर वापर’ म्हणून.

“काय झालं, चाचा?”

“हे मला वेडं करणार. संध्याकाळी सहाला मिळवून लावतो, दुसऱ्या दिवशी सहाला बघतो तर मागे. रविवारी बेचाळीस सेकंद मागे, सोमवारी एकोणपन्नास, मंगळवारी एकसष्ट, काल बहात्तर. स्प्रिंग बदलली, तेल बदललं, हलू नये म्हणून तर पहिल्या दिवसापासून या खांबाला घट्ट टेकवून ठेवलंय. वाचनालयवाले बुधवारी न्यायला येणार आहेत. मी शब्द दिलाय, दिवसाला दहा सेकंदांच्या आत आणून देतो म्हणून.”

“आणि नाही आलं तर?”

चाचांनी भिंग काढून टेबलावर ठेवलं. “तर समजायचं हात गेला. बावन्न वर्षं झाली बेटा या स्टुलावर. मुलगी कधीची म्हणतेय, विका सगळं आणि माझ्याकडे राहायला या. विकून टाकीन.”

सगळं म्हणजे इमारतही. म्हणजे वरची खोलीही. खालाने एकतीस वर्षं चालवलेला वर्ग आपल्या ताब्यात दोन आठवडे आला आणि बुडाला, असं चित्र भाचीच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं.

“चाचा, कारण मी शोधते,” ती म्हणाली. “मला फक्त निरीक्षणं लागतील.”

तिने वहीचं उजवं पान उघडलं. वर तारीख, खाली वेळ, पुढे चूक. आधी चाचांनी सांगितलेले चार आकडे उतरवले. दर पंधरा मिनिटांनी ती घड्याळापुढे उभी राहू लागली. शुक्रवारी वर्गाला सुट्टी, त्यामुळे तिने दिवसभर ठाण मांडलं. चोवीस तासांत चूक : दोन सेकंद.

“बघितलंस?” चाचा म्हणाले. “तू बसलीस तर शहाण्यासारखं वागलं. पाहुणे आले की पोरं वागतात ना, तसं.”

शनिवारी सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत एका सेकंदाचा फरक नाही. चारला भाची वर्गावर गेली. सव्वापाचला उतरून बघते तर बहात्तर सेकंद मागे! तक्त्यात तिने प्रामाणिकपणे नोंद केली : ‘चार ते सव्वापाच, निरीक्षण नाही. निरीक्षक वर्गावर.’ मग पेन्सिल चावत विचार केला. जे काही घडतं ते याच वेळात घडतं. शुक्रवारी घडत नाही. मग या वेळात चालणारं आणि शुक्रवारी बंद असणारं असं या गल्लीत आहे तरी काय?

समोरून सुताराच्या मोठ्या करवतीचा आवाज आला.

“चाचा! सापडलं! सुतार! शुक्रवारी त्याचं दुकान बंद असतं, आणि मोठी करवत तो चारनंतरच लावतो!”

चाचा आणि सुतार चाळीस वर्षांचे दोस्त. रोज एकाच किटलीतला चहा प्यायचे. चाचा तरातरा रस्ता ओलांडून गेले.

“तुझी करवत माझं घड्याळ खातेय!”

“काय खातेय?”

“शास्त्रीय कारण आहे. हादरे! ही पदवीधर आहे, हिला विचार.”

सुताराने भाचीकडे वरून खाली पाहिलं. “करवत इथे अठरा वर्षं आहे. घड्याळ आत्ता बिघडलं. आणि दोष कुणाचा, करवतीचा?”

“एक दिवस बंद ठेवून बघा ना, मामू,” भाची अजिजीने म्हणाली. “फक्त उद्या. चार ते सव्वापाच.”

रविवारी सुताराने करवत बंद ठेवली आणि दुकानाच्या पायरीवर हाताची घडी घालून पंचाहत्तर मिनिटं बसून राहिला. दोन खिडक्यांचं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत गेलं. वर एकोणीस मुलं नेहमीपेक्षा जोरात म्हणत होती. सव्वापाचला भाची धावत खाली आली. बहात्तर सेकंद मागे.

“काय म्हणतं शास्त्र?” पायरीवरून आवाज आला. त्या संध्याकाळी किटली आली, पण चाचांनी एकट्यानेच चहा प्यायला, आणि तोही अर्धा.

सोमवारी दुपारी चाचांनी मुलीला फोन लावला. भाचीने जिना चढताना ऐकलं, “हो, बुधवारनंतर ये. बोलू सगळं.” वर्गात येऊन ती चटईवर बसली, ती बसूनच राहिली. फळा कोराच राहिला. पुढच्या रांगेतली दातपडकी, वय वर्षं सहा, पुढचे तीन दात गायब, पालथी पडून एक डोळा जमिनीच्या फटीला लावून होती.

“उठ गं. काय करतेस तिथे?”

“दिवा बघतेय. आपा, सुरू करा ना.”

“कसला दिवा?”

“चाचांचा. घड्याळाच्या वरचा. आपण हललो की तोपण हलतो. आधी थोडाच हलायचा. आता एवढा हलतो!” तिने दोन्ही हात पसरून दाखवले.

“हे... हे तुला कधीपासून माहीत आहे?”

“सगळ्यांनाच माहीत आहे,” भोंगा म्हणाला. “म्हणून तर मी माझ्या चुलतभावांना आणलं. त्यांना खोटं वाटत होतं.”

“जास्त पोरं आली की जास्त हलतो,” मागून कुणीतरी माहिती पुरवली.

भाची तशीच चटईवर पालथी झाली आणि तिने फटीला डोळा लावला. “म्हणा रे,” ती जमिनीतूनच म्हणाली. “पान सात.”

एकोणीस डोकी टिकला पुढे, टॉकला मागे. फळ्या खाली-वर, तुळई खाली-वर, तुळई ज्या खांबावर होती तो खांब थरथर, आणि त्या खांबाला टेकलेलं घड्याळ एखाद्या दर्दी श्रोत्यासारखी मान डोलवत होतं. दिवा झोके घेत होता. स्टुलावरच्या चाचांची टोपीसुद्धा तालात मागेपुढे होत होती, एवढे हादरे! ताल तिनेच घड्याळाकडून घेतला होता, आणि रोज पंचाहत्तर मिनिटं, व्याजासकट, घड्याळाला परत करत होती.

तिने वही उघडली. डाव्या पानावर हजेरी : अकरा, तेरा, सोळा, एकोणीस. उजव्या पानावर चूक : बेचाळीस, एकोणपन्नास, एकसष्ट, बहात्तर. चार दिवस ही दोन पानं समोरासमोर होती. वही मिटली की एकमेकांना चिकटूनही बसत होती. तिने भागाकार केला. दर मुलामागे तीन पूर्णांक आठ दशांश सेकंद.

खालाने सगळं ऐकलं आणि ती इतकी हसली की प्लास्टर पलंगाच्या कठड्यावर आपटलं.

“मग, सापडलं का कारण?”

“सापडलं,” भाची खाली मान घालून म्हणाली. “मीच.”

“अगं, रडतेस काय? एकाला पान दोनवर अडतं, दुसऱ्याला अठरावर. सगळ्यांना एकाच पानावर बसवलंस तर एकाला कंटाळा येणार, दुसऱ्याला धाप लागणार. म्हणून ज्याचं त्याचं पान. तुळया-बिळया मला काय ठाऊक!”

“पण खाला, आता दिवा हलणार नाही. नवीन आलेली आठ मुलं येणारच नाहीत.”

“ते उद्या मोज.”

मंगळवारी एकोणीस मुलं आपापल्या पानावर बसली. प्रत्येकाचा वेग वेगळा, प्रत्येकाचा डोल वेगळा. कुणी पुढे तर कुणी मागे. दातपडकीने फटीतून पाहिलं आणि जाहीर केलं, “मेला दिवा.” सगळे हळहळले. पण दातपडकीचं पान सात त्याच दिवशी बिनचूक झालं, तिला पान आठ मिळालं, आणि ते पाहून सहाव्या पानावरच्या भोंग्याच्या जिवाची जी तगमग झाली ती दिव्याने कधी झाली नव्हती.

संध्याकाळी सहाला भाची खाली उतरली. घड्याळ तीन सेकंद मागे होतं. तिने चाचांना सगळं सांगून टाकलं, दिवा, तुळई, भागाकार, सगळं, आणि माफी मागितली. सुतारमामूंचीही मागितली. ते पायरीवरून उठून आले आणि नुसतं एवढंच म्हणाले, “किटली कुठाय?”

चाचांच्या चेहऱ्यावर मात्र आनंद दिसेना.

“घड्याळ बरोबर आहे ना, चाचा?”

“घड्याळ उत्तम आहे.”

“मग?”

“आज वरचं काही समजलंच नाही,” चाचा घुटमळत म्हणाले. “नुसता कालवा. आठव्या वर्षी उस्तादांच्या दुकानात लागलो, तेव्हा माझा कायदा सातव्या पानावर सुटला होता. गेला आठवडाभर तुम्ही कसं स्वच्छ म्हणत होता... मी खाली बसून तुमच्याबरोबर म्हणत होतो. काल सातवं पूर्ण केलं. आज आठवं लागेल म्हणून काम बाजूला ठेवून बसलो होतो.”

भाचीला ती मागेपुढे होणारी टोपी आठवली.

“अरे, मग म्हाताऱ्या, वर जा ना!” सुतार ओरडला. “जिना तुझाच आहे!”

“त्या पोरांत? हसतील.”

“हसू देत. तुझ्यासाठी रेहल मी करून देतो, पोरांना कमी पडतात तीसुद्धा. एक दिवस करवत बंद ठेवली, एक दिवस जास्त चालवीन.”

बुधवारी सकाळी वाचनालयाचे लोक घड्याळ घेऊन गेले. दुपारी चाचांनी मुलीला फोन केला आणि सांगितलं की यायचं तर ये, पण चारच्या आत येऊ नकोस आणि सव्वापाचपर्यंत बोलू नकोस. चारला दातपडकीने सरकून चटईवर जागा केली आणि विचारलं, “चाचा, तुमचं कितवं पान?”

“आठवं.”

“माझंपण! बघू कोण आधी.”

भाचीने वहीचं नवं पान उघडलं. मुलं एकोणीस. रेहल वीस. खडू दीड. हजेरी वीस.